दहा, नऊ, आठ... उलटगणतीची कुळकथा

जूल व्हर्नने १८६५ साली आपल्या कादंबरीतून तीन माणसांना चंद्राकडे धाडलं, तेव्हा सेकंद सुलटेच मोजले होते. फ्लोरिडात जमिनीत ओतलेली अजस्र तोफ, भोवती लोटलेली गर्दी आणि घड्याळावर डोळे लावून बसलेला मर्चिसन नावाचा इंजिनिअर. तो एकेक सेकंद मोठ्यानं म्हणत जातो आणि चाळिसाला बटण दाबतो. चाळीसच का? तर मुहूर्त १ डिसेंबरच्या रात्री १० वाजून ४६ मिनिटं ४० सेकंदांचा. चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ आणि त्याच वेळी बरोबर डोक्यावर, असा योग हुकला तर १८ वर्षं ११ दिवस थांबावं लागेल, असं व्हर्न बजावतो. उड्डाणाची वेळ माणूस ठरवत नाही, आकाश ठरवतं, हे त्याला पक्कं उमगलं होतं. मोजायचं कसं, ते मात्र अजून कुणाला सुचायचं होतं.

ते सुचलं एका चित्रपट दिग्दर्शकाला. १५ ऑक्टोबर १९२९ रोजी बर्लिनमध्ये फ्रिट्झ लँगचा ‘फ्राउ इम मोंड’, म्हणजे ‘चंद्रावरची स्त्री’, पडद्यावर आला. चित्रपट मूक. यान उडायच्या आधी ताण निर्माण करायचा तर हाताशी फक्त पाट्या. एक, दोन, तीन असे आकडे दाखवत गेलं तर यान नेमकं कधी सुटणार हे प्रेक्षकाला कळणार कसं? दहाला, पन्नासला की शंभराला? पण उलटं मोजलं तर शेवट कुठे आहे हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. म्हणून पडद्यावर येतं: दहा सेकंद उरले. मग सहा, पाच, चार असं उतरत उतरत ‘आत्ता!’

हा चित्रपट थिआ फॉन हार्बू या लँगच्या पत्नीच्या कादंबरीवर बेतलेला होता, पटकथाही तिचीच. पुढे लँगशी घटस्फोट झाल्यावर तिनं अयि तेंडुलकर या बर्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी पत्रकाराशी लग्न केलं. उलटगणतीच्या जन्मघराशी असलेला हा मराठी धागा आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, याची मला हळहळ वाटते.

चित्रपटाचा शास्त्रीय सल्लागार होता हेर्मान ओबेर्ट. रॉकेटचं गणित मांडणाऱ्या पहिल्या मोजक्या माणसांपैकी तो एक, आणि त्याच्याभोवती जमलेल्या तरुण रॉकेटवेड्यांत होता वेर्नहर फॉन ब्राउन. हीच मंडळी पुढे जर्मन लष्करासाठी काम करू लागली. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडेहून व्ही-२ रॉकेटची पहिली यशस्वी चाचणी झाली, तेव्हा त्या रॉकेटच्या बुडाशी चंद्रकोरीवर बसलेल्या बाईचं चित्र रंगवलेलं होतं. लँगच्या चित्रपटाचीच ती खूण. हे लिहिताना आनंद होत नाही. ती रॉकेटं लंडन आणि अँटवर्पवर कोसळली, आणि ती बनवताना छळछावण्यांतले हजारो कैदी मेले. युद्धानंतर फॉन ब्राउन आणि त्याचे सहकारी अमेरिकेत गेले, आणि उड्डाणाआधी उलटं मोजायची रीत तिथल्या तळांवर मुरली.

मुरताना तिचा स्वभावच पालटला. इंजिनिअरांना प्रेक्षकांचा श्वास रोखायचा नव्हता, त्यांना कामांची रांग लावायची होती. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांवर असतो, ऑक्सिजन उणे १८३ वर. टाकीत भरले की ते उकळून उडायला लागतात, म्हणून फार आधी भरता येत नाहीत. आणि भरायला तास लागतात, म्हणून फार उशिराही चालत नाही. आपल्याकडे लग्नघरात मुहूर्त आधी ठरतो आणि हळद कधी, सीमांतपूजन कधी हे त्यावरून मागे मोजत येतात, तसंच हे. शेवट पक्का, बाकी सगळं त्याच्या हिशोबानं.

पण उलटगणतीतली खरी करामत मला वेगळीच वाटते. हे घड्याळ थांबवता येतं. स्पेस शटलचं घड्याळ ‘टी मायनस ४३ तास’ या आकड्यापासून सुरू व्हायचं आणि शून्याला पोचायला त्याला जवळजवळ तीन दिवस लागायचे. कारण वाटेत ठरलेले थांबे होते. २७ तास उरले असता एक, मग १९, ११, ६, ३ तासांना. शेवटचे दोन २० आणि ९ मिनिटांना. या थांब्यांना ‘होल्ड’ म्हणतात. तेवढ्यात मागे पडलेली कामं उरकायची, बिघाड शोधायचा, प्रत्येक विभागाला विचारायचं: तयार? ३१ सेकंद उरले की सूत्रं यानातल्या संगणकांकडे जायची. ६.६ सेकंदांना मुख्य इंजिनं पेटायची, तरीही शटल तळाला जखडलेलंच असे. इंजिनं तपासून संगणक समाधानी झाले, तरच शून्याला बाजूचे बूस्टर पेटत. ते एकदा पेटले की विझवता येत नसत.

थांबे नसलेली उलटगणतीही असते. नव्या मोबाइलच्या विक्रीआधी पडद्यावर आकडे उतरत जातात, ती थेट लँगच्या घराण्यातली. ती गर्दी जमवते, काही तपासत नाही.

पण नुसता थांबा असून उपयोग नाही, थांबवणाऱ्याचं ऐकलंही पाहिजे. २७ जानेवारी १९८६च्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या इंजिनिअरांनी सांगितलं होतं, की इतक्या थंडीत सांध्यांतली रबरी कडी दगा देतील, उड्डाण नको. रॉजर बोइसजॉली त्यांत होता. वरिष्ठांनी त्यांना बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी घड्याळ शून्याला पोचलं, आणि ७३ सेकंदांनी चॅलेंजर हे शटल सात जणांसह नष्ट झालं.

याउलट श्रीहरिकोटा, २८ मार्च २००१. जीएसएलव्ही या भारतीय रॉकेटचं पहिलं उड्डाण. बाजूची चारही इंजिनं पेटली, पण एकाचा जोर पुरेसा भरला नाही. संगणकानं शून्याला एक सेकंद उरला असताना सगळं बंद केलं. रॉकेट जागेवर उभं राहिलं, आणि १८ एप्रिलला तेच उडालं.

चांद्रयान-२च्या वेळी, १५ जुलै २०१९च्या पहाटे, घड्याळ ५६ मिनिटं २४ सेकंदांवर थांबलं. राष्ट्रपती हजर, देश जागा, तरी थांबलं. एका आठवड्यानं, २२ जुलैला, यान निघालं. चंद्रावर उतरायला त्या जागी सकाळ हवी, म्हणून वाटेतले दिवस नव्यानं बेतले गेले आणि उतरायची तारीख एकाच दिवसानं सरकली: ६ऐवजी ७ सप्टेंबर. यानातला उतरणारा भाग, विक्रम, शेवटच्या टप्प्यात कोसळला, पण त्या दुर्दैवाचं कारण हा उशीर नव्हता.

१४ जुलै २०२३ला चांद्रयान-३ निघालं, तेही ठरल्यापेक्षा चार सेकंद उशिरा. वर फिरणाऱ्या इतर वस्तूंशी गाठ पडू नये, म्हणून तेवढी वाट पाहिली होती.