हिंगोलीला येणारी नळी

औंढा नागनाथच्या लायगोचा विषय निघाला की सगळे कृष्णविवरांवर बोलतात. मला नळीबद्दल बोलायचंय.

अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनला १९९०च्या दशकात ती बनली. ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, व्यास सव्वा मीटर आणि पत्रा फक्त ३ मिलिमीटर! हवेच्या दाबाने चेपू नये म्हणून बाहेरून कडी. पण खरा वैरी स्टीलच्या पोटातच असतो: हायड्रोजन. नळी कितीही उपसा, तो आतून झिरपतच राहतो. म्हणून पत्रा आधी ४०० अंशांच्या वर भाजला, मग पिळासारखा गुंडाळून वेल्ड केला, हेलियम सोडून गळती तपासली. शेवटी नळीतूनच सुमारे २००० अँपिअर करंट सोडून ती महिनाभर दीडशे अंशांच्या वर तापवली. नुसती हवा उपसायलाच ४० दिवस लागले.

आपल्याकडे तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ची, २६०० कोटींची मंजुरी एप्रिल २०२३ची. मधली सात वर्षं गेली ती गेली. पण या ८ किलोमीटरच्या वेल्डिंगवर हिंगोली-परभणीच्या आयटीआयमधली किती पोरं असतील, हे कुणी सांगेल का?