लग्नाचा कायदा आणि बाळंतिणीची खोली

मुलीचे लग्न कोणत्या वयात व्हावे, हे ठरवावयाचे कोणी? शास्त्रीपंडितांनी, डॉक्टरांनी, की सरकारने? गेली सव्वाशे-दीडशे वर्षे महाराष्ट्र या प्रश्नावर वाद घालीत आला आहे. त्या वादातील सभा आणि भाषणे पुष्कळांना ठाऊक आहेत. हा कायदा सामान्य माणसाच्या उंबऱ्याशी आला तेव्हा घरात काय घडले, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आरंभ दोन स्त्रियांपासून करू. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. वेळेवर उपचार मिळाले असते तर मूल वाचते, हे शल्य मनात धरून त्या अमेरिकेस गेल्या व १८८६ साली डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांना मृत्यूने गाठले. दुसऱ्या रखमाबाई. अकराव्या वर्षी झालेल्या लग्नाच्या बंधनाने सासरी नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले, म्हणून नवऱ्याने १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७ साली कोर्टाने फर्माविले की, नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. पुढे रखमाबाई विलायतेत डॉक्टरकी शिकून आल्या आणि सुरतेच्या इस्पितळात त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. लग्नाचा प्रश्न आणि आरोग्याचा प्रश्न हे मुळात एकाच घरातले आहेत, हे या दोन चरित्रांवरून ध्यानात येईल. सरकारी दप्तरात मात्र त्यांची खाती वेगळी झाली, आणि पुढील पुष्कळशा घोटाळ्याचे मूळ तेथे आहे.

१८९० साली कलकत्त्याकडे फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या संगाने मृत्यू पावली. त्यावर मोठा गहजब होऊन १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि दहा वर्षांची मर्यादा बारांवर गेली. रानडे, भांडारकर यांनी त्यास पाठिंबा दिला. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, म्हणून टिळकांनी विरोध केला. वाद गाजला, परंतु घरोघरी फरक थोडाच पडला. कारण उघड आहे. गुन्हा घराच्या आत, साक्षीदार घरातले, आणि जिने तक्रार करावयाची ती पोर त्याच घरात जेवणार. तिने कोणाच्या जिवावर कोर्टाची पायरी चढावी?

बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहास कायद्याने आळा घातला. तेथेही पुष्कळांनी दंड हा लग्नखर्चाचाच एक भाग समजून भरला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२८ साली सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली संमतिवय समिती नेमली गेली, आणि १९२९ साली शारदा कायदा संमत झाला. त्याने मुलीस चौदा व मुलास अठरा वर्षे ही किमान मर्यादा घातली. अंमल १ एप्रिल १९३० पासून व्हावयाचा होता. मधल्या सहा महिन्यांत काय झाले? कायदा लागू होण्यापूर्वी उरकून घ्यावे म्हणून देशभर लहान लहान मुलांच्या लग्नांचा धडाका उडाला! शिवाय फिर्याद करणाऱ्याकडूनच कोर्ट शंभर रुपयांपर्यंतचा जातमुचलका मागू शकत असे. खेड्यातल्या कोणत्या गरिबाने शेजाऱ्याच्या मुलीसाठी तेवढी जोखीम घ्यावी?

आमचे पुसेगाव आज हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात आहे. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता असल्यामुळे तो आम्हांस लागू नव्हता. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि त्यानंतरच त्या कायद्याची कक्षा आमच्यापर्यंत आली. आला तरी मुलीचे वय मोजावयाचे कशावरून? जन्माची नोंद नसे. शाळा जूनमध्ये उघडे, म्हणून मास्तर अंदाजाने १ जून ही जन्मतारीख घालून मोकळे होत; महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसे इतकी का, याचे हे उत्तर आहे. ज्या कायद्याचा सारा डोलारा वयावर उभा, त्याचा पाया असा अंदाजाचा होता.

१९७८ साली मर्यादा मुलीस अठरा व मुलास एकवीस झाली. २००६ साली नवा बालविवाह प्रतिबंधक कायदा आला. महाराष्ट्रात गावचे ग्रामसेवक हे प्रतिबंध अधिकारी झाले आणि अंगणवाडीच्या सेविका त्यांच्या सहायक. इतके होऊनही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा २१.९ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. हिंगोली १९९९ साली ज्या परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला, तेथे तर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते.

या लोकांस कायदा ठाऊक नाही, असे मात्र समजू नये. दिवाळीनंतर मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीस जातात. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. लग्न झाले की कोयता पुरा होतो. मागे वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही आईची चिंता वेगळीच. गावची शाळा संपली, पुढची लांब, एस.टी. वेळेवर नाही, मग स्थळ आले की बाप होकार देतो. त्याच्या होकारात निर्दयपणापेक्षा नाइलाज अधिक असतो.

आता बाळंतिणीच्या खोलीकडे वळू. २००५ साली केंद्र सरकारने जननी सुरक्षा योजना काढली. परंतु महाराष्ट्रासारख्या राज्यांत तिचा पैसा एकोणीस वर्षांपुढील मातेस आणि दोनच बाळंतपणांपर्यंत मिळे. म्हणजे जिचे शरीर सर्वांत कच्चे तीच वगळली गेली! २०१३ साली ही अट निघाली, हे बरे झाले. पण २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार कायद्याने अठराच्या आतील गरोदर मुलीची खबर पोलिसांस देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले होते. हेतू निःसंशय चांगला. घरात मात्र निराळाच हिशेब होतो: दवाखान्यात नेले तर जावई तुरुंगात जाईल. मग नाव नोंदविले जात नाही, रक्त तपासले जात नाही, वय वाढवून सांगितले जाते. पोषणासाठी गरोदर बाईचे नाव लिहिणारी आणि बालविवाहाची खबर ठेवणारी सेविका एकच. तिच्यापासून घर दार लावून घेते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या एका प्रकरणात सांगितले की, मुलीने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी खबर देताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही. औषध आणि दंड यांची गाठ थोडी सैल करण्याचा तो प्रयत्न होय.

कायदा ढिला करावा, असे माझे म्हणणे नाही. रखमाबाईंच्या वेळी कायदा मुलीच्या विरुद्ध उभा होता. आज तो तिच्या बाजूने आहे, ही लहान कमाई नव्हे. परंतु १८९१ पासूनचा इतिहास एवढे सांगतो की, घराकडे एकटा दंडच आला तर घर दार लावते. ऊसतोडीच्या काळात मुलांसाठी चालविलेली हंगामी वसतिगृहे, मुलींस एस.टी.चा मोफत पास, जवळ असलेली दहावीपुढील शाळा, आणि वय न विचारता आधी नाडी पाहणारा दवाखाना, ही दंडाच्या आधी पोहोचली पाहिजेत. तुमच्या गावात यांपैकी काय आहे आणि काय नाही, ते येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारा. तेथे लेकीबाळींच्या बापांनी बोलावे; आणि आयांनी तर अवश्य बोलावे.