इंग्लिश भाषेतील साहाय्यकारी क्रियापदे

इंग्लिश भाषेतील साहाय्यकारी क्रियापदे ही मुख्य क्रियापदाच्या आधी येऊन काळ, क्रियेची पूर्णता वा अपूर्णता, प्रयोग, शक्यता, बंधन इत्यादी अर्थ दर्शविणारी क्रियापदे होत. इंग्लिशमधील नकारार्थी व प्रश्नार्थक वाक्यांची रचना प्रामुख्याने त्यांच्यावर आधारलेली असते.

प्रकार

‘बी’, ‘हॅव’ आणि ‘डू’ ही प्राथमिक साहाय्यकारी क्रियापदे असून ती मुख्य क्रियापदे म्हणूनही वापरली जातात. ‘शी हॅज अ बुक’ या वाक्यात ‘हॅज’ हे मुख्य, तर ‘शी हॅज ईटन’ यात ते साहाय्यकारी क्रियापद आहे.

‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’, ‘माइट’, ‘शॅल’, ‘शुड’, ‘विल’, ‘वुड’ आणि ‘मस्ट’ ही ९ क्रियापदे अर्थसूचक साहाय्यकारी मानली जातात. कर्त्याचे वचन किंवा पुरुष बदलला तरी त्यांचे रूप बदलत नाही आणि त्यांच्यानंतर क्रियापदाचे मूळ रूप येते.

क्रम

एकाच वाक्यात अनेक साहाय्यकारी क्रियापदे आल्यास त्यांचा क्रम ठरलेला असतो: अर्थसूचक, पूर्णतादर्शक ‘हॅव’, अपूर्णतादर्शक ‘बी’, कर्मणी ‘बी’ आणि शेवटी मुख्य क्रियापद. उदा. ‘द वर्क मस्ट हॅव बीन डन’ (काम झालेलेच असणार).

‘डू’चा उपयोग

साहाय्यकारी क्रियापद असलेल्या वाक्याचा नकार त्यापुढे ‘नॉट’ जोडून होतो, तर प्रश्न ते कर्त्याच्या आधी आणून होतो. असे क्रियापद नसल्यास ‘डू’ची योजना करतात: ‘दे वर्क’, ‘दे डू नॉट वर्क’, ‘डू दे वर्क?’. अशा वेळी काळ ‘डू’ दर्शविते व मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते. म्हणून ‘डिड शी वेन्ट?’ ही रचना चूक, तर ‘डिड शी गो?’ ही बरोबर ठरते. मुख्य क्रियापद ‘बी’ असल्यास ‘डू’ लागत नाही: ‘इज ही टायर्ड?’.

नकारातील अर्थभेद

‘मस्ट’ व ‘नीड’ यांच्या नकारांतील फरक महत्त्वाचा आहे. ‘यू मस्ट नॉट पे’ म्हणजे पैसे भरण्यास मनाई आहे. ‘यू नीड नॉट पे’ म्हणजे पैसे भरण्याची गरज नाही. नियम व सूचना वाचताना या दोहोंत गल्लत झाल्यास आशय पूर्णपणे बदलतो.

इतिहास

अनेक अर्थसूचक क्रियापदांना प्राचीन इंग्लिशमध्ये स्वतंत्र अर्थ होता. ‘विल’चा अर्थ इच्छा असणे, ‘कॅन’चा ठाऊक असणे आणि ‘शॅल’चा देणे लागणे असा होता. १६व्या व १७व्या शतकांत ‘आय नो नॉट’ आणि ‘आय डू नॉट नो’ या दोन्ही प्रकारच्या रचना प्रचलित होत्या; पुढे दुसरी रूढ झाली.

मराठीशी तुलना

मराठीत साहाय्यकारी क्रियापद धातुसाधितानंतर येते (‘ती गात आहे’, ‘तो जाऊ शकतो’) आणि ते कर्त्यानुसार बदलू शकते: ‘तो शकतो’, ‘ती शकते’, ‘ते शकतात’. इंग्लिशमध्ये या तिन्ही ठिकाणी ‘कॅन’ हेच रूप राहते. मराठीत शब्दक्रम न बदलता ‘का’ जोडून प्रश्न करता येतो. ‘ती गेली का?’ या प्रश्नात भूतकाळ मुख्य क्रियापदातच राहतो. त्यामुळे मराठी भाषकांकडून ‘डिड शी वेन्ट?’ किंवा ‘व्हेअर यू आर गोइंग?’ यांसारख्या चुका होण्याचा संभव असतो.