बंदूक, कॅमेरा आणि खाडीवरचे पाहुणे

ओहोटीच्या वेळीं ठाण्याच्या खाडीकांठीं उभें राहिलें असतां समोरचा काळसर चिखल प्रथम निर्जीव भासतो. दृष्टि थोडी स्थिरावली म्हणजे तोच चिखल हलूं लागतो. चिखल्या, तुतवार, पाणटिवळा असे मातीच्याच रंगाचे लहानमोठे पक्षी त्यांत चोंची खुपसीत फिरत असतात, पाण्याच्या कडेला कुरव बसलेले असतात, आणि दूरवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी असते. रोहित बहुतांशीं गुजरातेंतून येतात. इतरांपैकीं पुष्कळांचीं घरटीं मध्य आशियांत किंवा सैबेरियाच्या दलदलींत असतात. अगदीं उत्तरेकडचा उन्हाळा अवघ्या दोनतीन महिन्यांचा. तो सरला आणि जमीन गोठूं लागली, कीं चोंचीला अन्न लागेनासें होतें. मग भाद्रपद-आश्विनापासून हे पक्षी कोंकणच्या खाड्यांत उतरूं लागतात व चैत्राच्या सुमारास परत निघतात.

या येण्याजाण्याची जाणीव आपल्याकडे जुनी आहे. पावसाच्या तोंडीं हंस मानस सरोवराकडे निघतात, ही गोष्ट कालिदासाच्या मेघदूतांत आलेली आहे. परंतु कोणता पक्षी कोणत्या तारखेस, किती संख्येनें आला आणि नेमका कोठें गेला, याची पद्धतशीर नोंद ठेवण्याची रीत येथें एकोणिसाव्या शतकांत रुजली. आणि ती बंदुकीच्या नळींतून आली, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

त्या काळीं पक्ष्याची ओळख पटवावयाची म्हणजे तो हातांत घ्यावा लागे. आजच्यासारख्या हलक्या व स्वच्छ दाखविणाऱ्या दुर्बिणी नव्हत्या. रंगीत चित्रांचीं सुटसुटीत पुस्तकें नव्हतीं. त्यांतून थंडींत येणाऱ्या तुतवारांच्या जाती एकमेकींशीं इतक्या मिळत्याजुळत्या, कीं पंखावरची पांढरी रेघ किंवा पायाचा रंग जवळून पाहिल्यावांचून निर्णय करणें कठीण होई. म्हणून पक्षी मारावयाचा, कातडें सोलून आंत कापूस भरावयाचा, आणि पायाला चिठ्ठी बांधून तीवर ठिकाण व तारीख लिहावयाची, ही शास्त्राची मान्य पद्धति होती.

या पद्धतीचे भारतांतील एक थोर साधक म्हणजे ॲलन ऑक्टेव्हिअन ह्यूम. १८८५ सालीं मुंबईंत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनासाठीं ज्यांनीं खटपट केली, तेच हे गृहस्थ. त्यांनीं केवळ पक्ष्यांना वाहिलेलें नियतकालिक चालविलें, आणि मार्शल यांच्यासह १८७९ ते १८८१ या अवधींत शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें त्यांच्या सिमल्याच्या घरांतून एका नोकरानें हस्तलिखित टिपणांचे गठ्ठे बाजारांत रद्दीच्या भावानें विकून टाकले. वर्षानुवर्षांचें लेखन असें नाहींसें झाल्यावर ह्यूम यांचें मन त्या विषयावरून उडालें, आणि कातडीं व अंडीं मिळून सुमारें ऐंशी हजार नमुन्यांचा आपला संग्रह त्यांनीं १८८५ सालीं ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. मेलेले पक्षी सुरक्षित राहिले. जिवंत पक्ष्यांविषयीं जें लिहिलें होतें, त्यांतलें पुष्कळसें रद्दींत गेलें. त्या युगाचें बळ आणि उणीव या एका प्रसंगांत दिसून येते.

मुंबईंत या विद्येला घर मिळालें तें १८८३ सालीं. त्या वर्षाच्या १५ सप्टेंबर रोजीं आठ गृहस्थांनीं एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकीं डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांचेच समव्यवसायी डॉ. सखाराम अर्जुन हे त्या आठांत होते. म्हणजे हा केवळ साहेबांचा छंद होता, असें म्हणतां येत नाहीं. १८८६ पासून संस्थेचें जर्नल निघूं लागलें. त्यांत मोठ्या लेखांच्या मागें लहान टिपणें छापलीं जात, आणि एखाद्या तळ्यावर अनपेक्षित बदक दिसलें, तर तेवढ्याचीही नोंद होई. संस्थेचे पहिले चिटणीस एडवर्ड एटकेन हे साताऱ्यास जन्मलेले. मुंबईच्या नेहमींच्या पक्ष्यांवर त्यांनीं लिहिलेलें पुस्तक १९०० सालीं निघालें; घराच्या आसपास वावरणाऱ्या पांखराकडे कुतूहलानें पाहण्याची गोडी त्यांनीं वाचकांना लावली.

सालिम अली यांची हकीकत सर्वश्रुत आहे. लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती घेऊन ते सोसायटींत गेले. चिटणीस मिलर्ड यांनीं तिची जात सांगितली व कपाटें उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला. एका मारलेल्या चिमणीपासून निघालेली ही वाट १९४१ सालीं त्यांच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ या पुस्तकापर्यंत पोंचली. रंगीत चित्रांच्या या पुस्तकानें, पक्ष्याला न दुखवितां त्याचें नांव जाणण्याची सोय सामान्य कुटुंबांनाही करून दिली.

बंदुकीची जागा कॅमेऱ्यानें घेतली असें आपण सहज म्हणतों. परंतु हा बदल वाटतो तितका सोपा नव्हता. इंग्लंडांत कीअर्टन बंधूंनीं १८९२ सालीं घरट्याचें व अंड्यांचें छायाचित्र घेतलें. पुढें पक्ष्यांना संशय येऊं नये म्हणून त्यांनीं बैलाच्या पोकळ सांगाड्यांत बसूनही चित्रें काढलीं. भारतांत लोथर यांनीं अनेक वर्षें लपणींत बसून काढलेल्या छायाचित्रांचें पुस्तक १९४९ सालीं प्रसिद्ध झालें. या आरंभींच्या कामांत घरट्याला फार मोठें स्थान होतें, आणि त्याचें कारण उघड आहे. जुने कॅमेरे जड आणि कांचा मंद. पक्षी ठराविक जागीं परत येणार अशी खात्री असेल, तरच नेम साधे. ती खात्री घरटें देत असे.

कोंकणच्या किनाऱ्यावर हिंवाळा काढणाऱ्या पक्ष्याला मात्र येथें घरटें नाहीं. अंडीं नाहींत, पिलें नाहींत. माणूस दिसला कीं उडून जावयास त्याला कसलीच अडचण नाहीं. म्हणूनच या पाहुण्यांचीं चांगलीं छायाचित्रें फार उशिरां, लांब पल्ल्याचीं भिंगें आणि जलद फिल्म हातीं आल्यावर निघूं लागलीं. तरीही त्यांना बांधून ठेवणारी एक गोष्ट येथें आहे, आणि ती म्हणजे भरती-ओहोटी. भरतीला चिखल झांकला गेला कीं थवे उंच बांधावर किंवा मिठागरांत विसावा घेतात. पाणी उतरूं लागलें कीं उघड्या होणाऱ्या पट्टीमागून चरत जातात. जाणता छायाचित्रकार पक्ष्यांच्या पाठीस लागत नाहीं. तो भरतीचें कोष्टक पाहून आधींच जागा धरतो, खालीं बसतो, आणि चढत्या पाण्याला पक्षी आपल्याकडे आणूं देतो.

या संयमाचें कारण सौजन्यापुरतें नाहीं. परतीच्या प्रवासापूर्वीं या पक्ष्यांना अंगीं चरबी सांठवावी लागते. तीच त्यांची वाटखर्चाची शिदोरी. चरण्याचा वेळ ओहोटीपुरता, म्हणजे मोजका. जवळचें चित्र मिळावें म्हणून थवा उडविला, तर तेवढा वेळ बुडतो आणि सांठविलेली शक्तिही खर्च होते. बंदुकीची गोळी एका पक्ष्याला लागे. अधीर पावलांची झळ सगळ्या थव्याला पोंचते.

योग्य हातीं मात्र कॅमेरा शास्त्राचें मोठें साधन ठरला आहे. डेन्मार्कमध्यें मॉर्टेन्सन यांनीं १८९९ सालीं पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाचीं कडीं घालण्यास आरंभ केला. मुंबईच्या सोसायटीनें १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें हें काम मोठ्या प्रमाणावर हातीं घेतलें. पूर्वीं कड्याचा क्रमांक वाचण्यासाठीं पक्षी पुन्हां सांपडावा किंवा मरावा लागे; आतां पायांतील रंगीत पट्टीवरचीं अक्षरें छायाचित्रांत वाचतां येतात. १९८७ पासून दर जानेवारींत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेंत हौशी निरीक्षकही भाग घेतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीला कडक बंधनें घातलीं. १९७१ च्या रामसर करारानें पाणथळ जागांच्या रक्षणाला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. ठाण्याच्या खाडीचा १,६९० हेक्टरांचा भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांसाठीं अभयारण्य झाला, आणि २०२२ सालीं खाडीचें नांव रामसर यादींत आलें. परंतु मुंबई हें भरावावर वाढलेलें शहर आहे, आणि दलदल म्हणजे फुकट गेलेली जमीन, ही समजूत येथें जुनी आहे. पक्ष्याला कायद्यानें अभय दिलें तरी त्याचा चिखल बुजविला गेला, तर सहस्रावधि मैलांवरून आलेला पाहुणा उतरेल कोठें?

ह्यूम यांच्या काळीं पक्षी विपुल होते आणि त्यांना जाणण्याचें साधन क्रूर होतें. आज साधन सौम्य झालें आहे. प्रश्न उरला आहे तो जागेचा. कपाटांतील कातड्यांवरून एके काळीं येथें कोणते पक्षी येत, हें कळतें. आजचीं छायाचित्रेंही पुढच्या पिढीला तेवढेंच सांगणारीं ठरूं नयेत, याची काळजी या शहरानेंच घ्यावयाची आहे.