विमानाबाहेरचे मृत्यू

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये अपघात झाला की ‘फॉर्म 1180’ नावाचं कार्ड भरलं जाई. कार्ड विमानाचं असे. कुठलं विमान, पायलट कोण, ते कशामुळे पडलं, हे त्यावरून कळतं. बॉम्ब चढवणारा आर्मरर किंवा इंजिन दुरुस्त करणारा फिटर विमानाशी संबंध नसलेल्या कारणाने गेला, तर असं कार्ड निघायचं कारणच नव्हतं. बॉम्बर कमांडच्या उड्डाण करणाऱ्या 55,573 जणांचे मृत्यू मोजून ठेवले आहेत. जमिनीवरच्या माणसांचा शोध मात्र एकेका तळाची रोजनिशी उलगडून घ्यावा लागतो.

असा शोध स्नेथला नेतो. यॉर्कशायरमधल्या या तळावर 19 जून 1943 रोजी बॉम्बच्या साठ्यात स्फोट झाला आणि 18 जण ठार झाले. शत्रूचा हल्ला नव्हता, रोजचं काम चाललं होतं.

27 नोव्हेंबर 1944 रोजी स्टॅफर्डशायरमधल्या फॉल्डला तर जिप्समच्या जुन्या खाणीत साठवलेला हजारो टन दारूगोळा एकदम उडाला. सुमारे 70 माणसं गेली. त्यांत हवाई दलाचे जवान होते, तिथे राबणारे इटालियन युद्धकैदी होते, शेजारच्या प्लास्टर कारखान्याचे कामगार होते. काहींचे मृतदेह सापडलेच नाहीत. बॉम्बमधलं स्फोटक काढताना कुणीतरी पितळी छिन्नी वापरली असावी, असा चौकशीचा कौल होता. केवळ हवाई दलाची यादी वाचली, तर या घटनेतली अर्धीअधिक माणसं हातातून निसटतात. इथे गावाच्या दफनभूमीची वहीही तितकीच मोलाची ठरते.

पूर्वेकडची कहाणी याहून कठीण. मार्च 1942 मध्ये जावा पडलं, तेव्हा हवाई दलाचे पुष्कळ तंत्रज्ञ जपान्यांच्या हाती लागले. पुढच्या वर्षी त्यांतल्या अनेकांना अंबोन आणि हारुकू बेटांवर नेऊन प्रवाळ फोडत धावपट्ट्या बांधायला लावलं. उपासमार आणि आमांशाने माणसं मरू लागली. कामाला निरुपयोगी ठरलेल्या 548 ब्रिटिश व डच आजाऱ्यांना ‘सुएझ मारू’ जहाजात भरून परत पाठवलं. जहाजावर कैदी आहेत याची खूण नव्हती. 29 नोव्हेंबर 1943 रोजी अमेरिकन पाणबुडी ‘बोनफिश’ने ते बुडवलं. पाण्यात तरंगणाऱ्या कैद्यांवर जपानी सुरुंगशोधक नौकेने मशीनगन चालवली. एकही कैदी वाचला नाही.

घरच्यांना कळलं ते एवढंच, की जहाज बुडालं. गोळीबाराची हकीकत 1949 मध्ये एका माजी जपानी अधिकाऱ्याच्या जबाबातून ब्रिटिश तपासकांपर्यंत पोचली, तरीही कुणावर खटला उभा राहिला नाही. म्हणून या माणसांच्या नोंदींत ‘समुद्रात मृत्यू’ एवढ्यावर थांबता येत नाही. मृत्यूच्या तारखेवरून जहाज, जहाजावरून छावणी आणि छावणीवरून मूळ तुकडी, असा माग काढत मागे गेलं, तरच एखाद्या फिटरचं शेवटचं दीड वर्ष हाती लागतं.