लाकडाचा लगदा विरघळवण्याचा इतिहास

कागद पाण्यात भिजून सुटा होतो, पण विरघळत नाही. त्यातले सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या एककांची लांब साखळी. ग्लुकोज पाण्यात सहज विरघळते. मग सेल्युलोज का नाही? उत्तर तंतूच्या रचनेत आहे. शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी घट्ट जोडलेल्या असतात. त्यांच्या स्फटिकी भागांत द्रावक सहज शिरत नाही.

१८५७ मध्ये श्वाइट्झर यांनी तांबे व अमोनिया यांच्या द्रावणात सेल्युलोज विरघळवले. अशा द्रावणात तंतू जागोजागी फुग्यासारखा फुगतो, कारण आतला भाग आधी विरघळतो आणि बाहेरची भित्तिका तग धरते.

१८९२ मध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी व्हिस्कोज पद्धत शोधली. यात लगदा कॉस्टिक सोड्यात फुगवतात आणि नंतर त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करतात. कल्याणजवळच्या शहाडमध्ये १९५६ पासून असे रेयॉनचे सूत तयार होऊ लागले. लगदा सर्वत्र सारखा फुगला नाही, तर न विरघळलेले तंतू गाळण्या तुंबवतात.

या पद्धतीची किंमत कामगार मोजतो, कारण कार्बन डायसल्फाइडची वाफ मज्जासंस्थेला घातक असते. म्हणून पुढे लायोसेल पद्धत आली. तिच्यात सेल्युलोज थेट विरघळते आणि द्रावक बहुतांशी पुन्हा वापरता येतो.

विचार करा: विरघळवण्यापूर्वी लगदा फुगवला नाही, तर काय होईल?