नामंजुरीपासून भोगवट्यापर्यंत : आपल्या इमारतीच्या परवानगीची हकिकत

स्मरणिका समितीच्या मुलांनी मला सांगितलं, "काका, सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." गणेशोत्सव, सत्यनारायण, सहली, मुलांची बक्षिसं यांबद्दल इतरांनी लिहिलं आहेच. मी लिहितो ते ऑफिसच्या कपाटातल्या निळ्या फायलीबद्दल. तीस वर्षांचे कागद आहेत तिच्यात. आपण ज्या घरात राहतो ते कायद्याने कधी 'घर' झालं, हे त्या फायलीतच कळतं.

फायलीतला सगळ्यात जुना कागद १९९५ चा आहे. त्याला सगळे 'आयओडी' म्हणतात. म्हणजे बांधकामाची परवानगी, असंच आपण समजतो. पण त्याच्या पूर्ण इंग्रजी नावाचा सरळ मराठी अर्थ आहे 'नामंजुरीची सूचना'! नवीन सभासद हे ऐकून दचकतात.

हे नाव आलं मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातून. तो कायदा आजही लागू आहे. इमारत बांधायची असेल तर कलम ३३७ खाली आयुक्तांना नोटीस द्यायची. तीस दिवसांत त्यांनी लेखी नामंजुरी कळवली नाही, तर कलम ३४५ प्रमाणे बांधायला मोकळीक. त्यामुळे पालिकेच्या हातात एकच उपाय राहतो. मुदतीत 'नामंजूर' असं कळवायचं आणि खाली कारणं, म्हणजेच अटी लिहायच्या. एकेक अट पुरी केली की नामंजुरीचा मुद्दा निकालात निघतो. मुंबईतल्या टोलेजंग इमारतीसुद्धा अशा 'नामंजुरी'वरच उभ्या आहेत.

एवढ्या अटी कशाला, असं वाटतं खरं. पण त्यामागे इतिहास आहे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि शहरभर पसरला. दाटीवाटीच्या चाळी आणि अंधाऱ्या खोल्या यांकडे तेव्हा सरकारचं लक्ष गेलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या साहेबांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. सोपं करून सांगायचं तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे खालच्या खोलीतही उजेड पोचतो. आपल्या मागच्या बाजूला जी मोकळी जागा सोडली आहे, तिथे 'शेड टाकून सायकली ठेवू या' अशी सूचना दर दोन वर्षांनी जनरल बॉडीत येते. त्या वेळी हे आठवावं.

आपलं मुलुंड या कायद्याखाली उशिरा आलं. १९५० मध्ये पालिकेची हद्द भांडुपपर्यंत आली आणि १९५७ मध्ये मुलुंड-दहिसरपर्यंत. पुढे १९६६ चा नगररचना कायदा आला आणि आयओडीच्या जोडीला प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे 'सीसी', आवश्यक झालं. तीही एकदम मिळत नाही. आधी जोत्यापर्यंतची मिळते. जोतं नकाशाप्रमाणे आहे हे तपासलं की मग वरच्या मजल्यांची. फायलीत दोन्ही आहेत, १९९६ आणि १९९७ च्या. शिवाय अग्निशमन दल, झाडं, जलअभियंता, मलनिस्सारण यांचे दाखले आहेत. कमाल जमीन धारणा कायद्याखालचा आदेशही आहे. १९७६ चा तो कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला, म्हणून तरुणांना तो माहीतही नसेल.

इथपर्यंतचे कागद अगदी व्यवस्थित लावलेले आहेत. त्यानंतर मात्र फायलीत मोठा खंड पडतो.

१९९९ च्या दसऱ्याला आपण राहायला आलो. बिल्डरने किल्ल्या दिल्या, पेढे दिले आणि म्हणाला, "ओसी महिन्याभरात येईल." ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. ते आल्याशिवाय बिल्डरने ताबा देऊ नये, असं १९६३ चा फ्लॅट मालकी कायदा सांगतो. पुढचं वाक्य लोक वाचत नाहीत : घेणाऱ्यानेही ताबा घेऊ नये! म्हणजे चूक दोघांचीही.

मला तर कुठलीच सबब नाही. मी बँकेत गृहकर्जांच्याच टेबलावर होतो. लोकांच्या आयओडी-सीसीच्या प्रती मीच तपासत असे. एक कागद कमी असला तर माणसाला परत पाठवलेलं आहे. स्वतःच्या घराच्या वेळी मात्र भाडं आणि हप्ता दोन्ही भरून दमलो होतो. पेढा खाल्ला आणि आत शिरलो.

२००० साली सोसायटी नोंदली गेली, आणि ओसी नसतानाही नोंदणी झाल्यामुळे सगळ्यांना वाटलं की काम झालं. पाण्याचं बिल जादा दराने येत होतं, ते आपण मेंटेनन्समध्ये वाटून घेतलं. बिल्डरने आधी फोन घेणं बंद केलं, मग ऑफिसच हलवलं. अशी चौदा वर्षं गेली.

जाग आली २०१३ मध्ये. वरळीच्या कॅम्पाकोला कंपाउंडमधल्या मंजुरीपेक्षा जास्त बांधलेल्या मजल्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. टीव्हीवर फाटकाशी उभी असलेली आपल्यासारखीच माणसं दिसली. आपल्याकडे जादा मजला नव्हता, पण त्या रात्री बी विंगमधून तीन फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच : "आपला कागद कुठे आहे?"

तोवर मी निवृत्त झालो होतो, म्हणून काम माझ्याकडे आलं. नवीन आर्किटेक्ट नेमला. त्याने आयओडीच्या अटी एकेक करून वाचून दाखवल्या. बिल्डरने चार-पाच पुऱ्या केल्या नव्हत्या : मलनिस्सारणाचा दाखला, अग्निशमन दलाची अंतिम तपासणी, लावायची झाडं वगैरे. पण नकाशाशी न जुळणाऱ्या गोष्टींची दुसरी यादी निघाली, ती आपली होती. विनापरवानगी बंद केलेल्या बाल्कन्या, डक्टवर टाकलेले पत्रे, तळमजल्याचे वाढवलेले ओटे. सव्वीस घरांत काही ना काही होतं.

ती जनरल बॉडी रात्री साडेबारापर्यंत चालली. "आधी बिल्डरला धरा," असं म्हणणाऱ्यांचं चुकलं नव्हतं. पण बिल्डर सापडत नव्हता आणि भिंती आपल्या घरात होत्या. आमच्या स्वयंपाकघराला बाल्कनी जोडलेली होती. हिने हौसेने तिथे ओटा केला होता. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुम्हीच सांगणार लोकांना, मग आपलं आधी काढा." दुसऱ्या दिवशी गवंडी आणला. महिनाभरात बाकीच्यांनीही काढलं. ज्यांचं फी भरून नियमित होण्यासारखं होतं, त्यांनी फी भरली.

डिसेंबर २०१४ मध्ये ओसी मिळाली. बिल्डरकडे पहिल्यापासून पत्रं लिहिणारे आपले पहिले सेक्रेटरी तेव्हा हयात नव्हते. ओसीची एक प्रत मी त्यांच्या घरी नेऊन दिली. वहिनींनी ती देवघरात ठेवली.

आता पुनर्विकासाच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत. नकाशे संगणकावरून जातात, महारेरा आहे, काळ बदलला आहे. नवीन इमारतीलाही पहिला कागद मात्र 'नामंजुरी'चाच येईल. तो कमिटीतल्या प्रत्येकाने शेवटच्या अटीपर्यंत वाचावा. आपल्या जमिनीचं कन्व्हेयन्स अजून बाकी आहे. २००८ च्या दुरुस्तीमुळे बिल्डर आला नाही तरी मानीव अभिहस्तांतरण करून घेता येतं. तो अर्ज या वर्षी नक्की करावा.

आणि हो, पुढच्या वेळी किल्लीबरोबर पेढे मिळाले तर आधी ओसी मागा. पेढे नंतर खाता येतील.

निळी फाईल दुसऱ्या कप्प्यात आहे. किल्ली माझ्याकडे आहे. ती घेऊन जाणाऱ्या तरुण सभासदाची मी वाट पाहतो आहे. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.